नाव तेच, कागद वेगळे
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा केला, राज्य सरकारच्या नोकरीला लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षं टेबलावर आलेले कागद पुढं सरकवतो आहोत. मंडळाच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा तोंडून निघून गेलं, "नावातल्या चुका." चिटणीस हसले. म्हणाले, काहीतरी संतांवर, इतिहासावर बोला की. मग जाता जाता दारात थांबले आणि हळूच म्हणाले, "आमच्या सुनेचा पासपोर्ट अडकलाय बघा, नावावरूनच." तेव्हा विषय ठरला.

समोर बाप्पा बसले आहेत. त्यांना बारा नावं आहेत, मोजायला बसलं तर एकशे आठ आहेत. पण वक्रतुंड आणि एकदंत हे दोघे एकच, असं अफिडेव्हिट त्यांच्याकडे कुणी मागत नाही. आपल्याकडे मागतात.

सुरुवात आजोबांपासून करू, कारण शहापुरातल्या जुन्या घरांचं दुखणं तिथून सुरू होतं. नव्या पिढीला ठाऊक नसेल, पण आपलं शहापूर इंग्रजांच्या बेळगावात नव्हतं. ते सांगली संस्थानात होतं, पटवर्धनांच्या. बेळगावातून चालत इकडं आलं की राज्य बदलायचं. आमचे आजोबा इथं हातमागावर बसत. त्यांचं नाव परशराम. तेव्हा ते कुणाचे नागरिक नव्हते, संस्थानची प्रजा होते. ८ मार्च १९४८ ला सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं. बाकीचं संविधान २६ जानेवारीला लागू झालं, पण नागरिकत्वाची कलमं त्याच दिवशी, म्हणजे दोन महिने आधीच लागू झाली. म्हणजे आजोबा त्या दिवशी भारताचे नागरिक झाले. अर्ज नाही, शपथ नाही, फोटो नाही. त्या दिवशी बहुधा ते मागावरच बसलेले असतील. मग १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात आलो. १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. २०१४ ला, तेही १ नोव्हेंबरलाच, बेळगावचं बेळगावी झालं. आजोबांनी उंबरठा ओलांडला नाही, पण उंबरठ्यापलीकडचं राज्य बदलत गेलं. आणि दर वेळी नवा कारकून नव्या वहीत आजोबांचं नाव लिहायला बसला.

संस्थानच्या दप्तरात मोडीत परशराम. मुंबई राज्याच्या काळात बाळबोधीत कुणीतरी शिकलेल्या माणसानं ते सुधारून परशुराम केलं. पुढं कानडीत आलं. कानडीतून इंग्रजीत गेलं तेव्हा शेवटी एक ए जादा लागला. आता आमच्या घराच्या सी.टी.एस. उताऱ्यावर एक परशराम आहेत, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि बँकेच्या वहीत तिसरे. तिघेही आमचे आजोबा.

यात कुणाची लबाडी नाही, हे आधी समजून घ्या. आपल्या भागातल्या माणसाचं नाव तीन लिप्यांतून फिरतं आणि दर वळणावर थोडं घासतं. आपण गणेश लिहितो आणि शेवटचा श अर्धवट म्हणतो. कानडीत लिहिलेला शेवटचा अक्षर पूर्ण म्हटला जातो, म्हणून इंग्रजीत उतरताना गणेशचा गणेशा होतो, मोहनचा मोहना. दक्षिणेत त साठी टी-एच लिहायची रीत आहे. शाळेत घातली ती ज्योती आणि दहावीच्या मार्क्स कार्डावर आली ती टी-एचवाली ज्योथी. पुण्याला नोकरीला गेल्यावर तिथला माणूस तिला ज्योथीच म्हणतो, आणि ती दर वेळी खुलासा करते. लक्ष्मी एक्स घालून लिहायची की के-एस-एच घालून, यावर एका घरात दोन बहिणींचे दोन प्रकार आम्ही पाहिलेत. चव्हाणांचं तर विचारूच नका. आणि आपली खास बेळगावी नावं, यल्लाप्पा, कल्लाप्पा, नागाप्पा, ती मराठीत एक काना घेऊन येतात आणि कानडीत तो काना सोडून जातात.

त्यात आडनावाची जागा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इकडच्या शाळांत आद्याक्षरं घालायची पद्धत, कधी पुढं, कधी मागं. पाटील एस. आर. आणि एस. आर. पाटील हे कॉम्प्युटरला दोन माणसं वाटतात. पूर्वी कारकून माणसाला ओळखायचा. 'अरे, हा मागवाल्या परशरामचा नातू,' म्हणून सही करायचा. कॉम्प्युटरला गल्ली ठाऊक नसते. २००० च्या सुमारास 'भूमी' योजनेत कर्नाटकातल्या सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे कॉम्प्युटरवर चढले, तेही कानडीत. काम मोठंच झालं, आम्ही नावं ठेवणार नाही. पण हाताच्या अक्षरातली चूक तेव्हा गावापुरती होती, ती त्यानंतर सगळीकडे छापून येऊ लागली.

आता आमच्या आईची गोष्ट सांगतो. घरची गोष्ट मांडवात सांगू नये म्हणतात, पण आईची परवानगी घेतली आहे. ती तिथं तिसऱ्या रांगेत बसली आहे.

आई निपाणीजवळच्या खेड्यातली. माहेरचं नाव यमुना. १९७२ ला लग्न होऊन शहापुरात आली. ताटात तांदूळ पसरून वडिलांनी अंगठीनं लक्ष्मी लिहिलं. त्या दिवसापासून ती लक्ष्मीबाई. रेशन कार्डावर लक्ष्मीबाई, मतदार यादीत लक्ष्मीबाई. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते, त्यांच्या सर्व्हिस रजिस्टरात पत्नीच्या नावापुढं लक्ष्मीबाई. चाळीस वर्षं यमुना हे नाव फक्त मामा आला की घरात ऐकू यायचं.

मग आधारचा कॅम्प लागला. जन्मतारखेसाठी आम्ही आईचा शाळेचा दाखला शोधून नेला होता. दाखल्यावर यमुना, रेशन कार्डावर लक्ष्मीबाई. मशीनवर बसलेल्या पोरानं विचारलं, "आजी, नाव कुठलं घालू?" आम्ही दोघे भाऊ बाहेर स्कूटर लावत होतो. आईनं सांगितलं, "यमुना."

कार्ड घरी आलं तेव्हा आम्ही बघितलं आणि ठेवून दिलं. सरकारी नोकरीतली माणसं आम्ही, दुसऱ्याच्या कागदातली चूक लांबून दिसते आम्हाला. घरातली दिसली नाही.

पाच वर्षांपूर्वी वडील गेले. फॅमिली पेन्शनसाठी कागद दिले. एका कचेरीतून कागद परत आला. पेन्शन पत्रावर पत्नी लक्ष्मीबाई, आधार यमुनाचं, ही बाई कोण? प्रश्न चुकीचा नव्हता. उद्या कुणीही येऊन पेन्शन मागेल, कारकुनाला विचारावंच लागतं. आम्ही अफिडेव्हिट करून दिलं. परत आलं. नमुना वेगळा पाहिजे. नमुना दिला. साक्षीदार पाहिजेत. साक्षीदार दिले. दोन्ही नावांना जोडणारा जुना कागद पाहिजे. तो कुठून आणायचा? १९७२ च्या लग्नाची नोंदणी कोण करत होतं?

चौदा महिने गेले. पैशांवाचून आमचं घर अडलं नाही, आम्ही दोघे कमावते आहोत. पण आईनं भिशी सोडली. कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणाली. भिशी समोरच्याच घरात होती. आम्हाला हे कळायला दोन महिने लागले, की तिला आमच्याकडं हात पसरायचा नव्हता. वडिलांची पेन्शन ही तिच्या हक्काची होती, आमचे पैसे ते आमचे.

त्या काळात आम्ही तिला बोललो, हेही सांगायला पाहिजे. "तुला कुणी सांगितलं होतं यमुना सांगायला?" ती काही बोलली नाही. बऱ्याच दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या पोरानं कुठलं घालू म्हणून विचारलं. मला आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं."

शेवटी जोडणारा कागद सापडला, वडिलांच्या ट्रंकेत. लग्नपत्रिका. चि. सौ. कां. यमुना, तिच्या वडिलांचं नाव, गाव, आणि पुढं आमच्या वडिलांचं पूर्ण नाव. पत्रिका काही सरकारी कागद नव्हे. पण ती पन्नास वर्षांपूर्वीची छापील, शाळेच्या दाखल्याशी बापाचं नाव जुळतं, नवऱ्याचं नाव पेन्शनशी जुळतं. पत्रिका, दाखला, अफिडेव्हिट, दोन वृत्तपत्रांतल्या जाहिराती, एक मराठी आणि एक कानडी, असं सगळं एकत्र बांधून दिलं. एका समजूतदार अधिकाऱ्यानं शांतपणे बसून वाचलं, आणि 'लक्ष्मीबाई उर्फ यमुना' अशी नोंद झाली. थकबाकी एकदम आली. म्हणून आमची पहिली विनंती, घरातल्या जुन्या लग्नपत्रिका रद्दीत घालू नका.

त्याआधी आम्ही आईला म्हटलं होतं, आधारच बदलून टाकू, लक्ष्मीबाई करू, सगळं सोपं होईल. आधारमध्ये नाव दोनदा बदलता येतं. आई म्हणाली, "ते एक राहू दे." राहू दिलं.

आता थोडं कामाचं. आम्ही वकील नाही, रोज जे बघतो ते सांगतो.

चूक आणि बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परशरामचा परशुराम झाला, ही चूक, माणूस तोच. यमुनेची लक्ष्मी झाली, हा बदल. चुकीला मूळ कागद दाखवून दुरुस्ती मिळते. बदलाला अफिडेव्हिट, वृत्तपत्रात जाहिरात आणि बऱ्याच ठिकाणी गॅझेट लागतं. केंद्राच्या गॅझेटचं काम दिल्लीला सिव्हिल लाइन्समध्ये भारत सरकारच्या प्रकाशन खात्यात चालतं. लोक उलटं करतात. एका अक्षराच्या चुकीसाठी गॅझेटच्या मागं लागून एजंटाला पैसे देतात, आणि पूर्ण नाव बदललं तिथं नोटरीच्या एका कागदावर विसंबतात. अफिडेव्हिटनं नाव बदलत नाही. आपण शपथेवर काय सांगतो एवढंच त्यात असतं, मानणारा मानतो.

जन्मनोंदीतली चूक असेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात १५ वं कलम आहे. निबंधकाला पुरावा पटला तर तो दुरुस्ती करतो. यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. मूळ नोंद खोडायची नाही, असं कायदाच सांगतो. समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. म्हणजे चुकीचं नावही तिथं राहतं आणि बरोबर नावही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या जन्मदाखल्यात नावच नसतं. कारण साधं आहे. दवाखान्यातून नोंद लगेच जाते, नियमानं एकवीस दिवसांत जायला पाहिजे, आणि आपलं बारसं बाराव्या दिवशी, कधी आत्याला रजा मिळाली नाही म्हणून महिन्यानं. त्या दाखल्यावर नुसतं 'मुलगी' असतं आणि आई-बापाचं नाव. कायद्याच्या १४ व्या कलमानं नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत फी न भरता, पुढं पंधरा वर्षांपर्यंत फी भरून. पंधरा वर्षं पुष्कळ वाटतात. मुलगी दहावीला आली की संपतात.

आणि आता हे नातवंडांच्या घरांनी कान देऊन ऐका. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, लायसन्स, मतदार यादी, लग्नाची नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्याला जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा. तेव्हा दवाखान्यातल्या बाईंना नाव तोंडी सांगू नका. कागदावर मराठीत, कानडीत आणि इंग्रजीत लिहून द्या, आणि छापून आल्यावर काऊंटरवरच वाचा. कानडी वाचता येत नसेल तर शेजाऱ्याला वाचायला सांगा. आपले शेजारी वाचून देतात.

दहावीच्या मार्क्स कार्डातली चूक मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा मंडळाकडे जाते. शाळेच्या मूळ रजिस्टरात बरोबर असेल तर काम होतं, रजिस्टरातच चूक असेल तर जड जातं. पुढचे सगळे कागद या कार्डावरून निघतात, म्हणून आधी हे आणि जन्मदाखला, मग पॅन, बँक. आधार शेवटी. बरेच जण जवळ सेंटर आहे म्हणून आधारपासून सुरू करतात, दोन संधी वापरून बसतात, आणि मग कळतं की मार्क्स कार्ड वेगळंच आहे. २०२३ च्या जुलैपासून आधारला न जोडलेली पॅन कार्डं निष्क्रिय झाली, तेव्हा निव्वळ नावं जुळेनात म्हणून अडकलेले किती लोक आमच्या ओळखीत निघाले!

जुन्या दाखल्यावर बेळगाव आहे आणि नव्यावर बेळगावी, म्हणून काही जण घाबरतात. गावाचं नाव सरकारनं बदललं, तुम्ही नाही. त्याचं अफिडेव्हिट करायला जाऊ नका.

आपल्या मुली गोव्यात दिलेल्या आहेत, म्हणून तिकडचं थोडं. तिथं आपल्यापेक्षा गुंता जास्त. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य. १९६२ च्या मार्चमध्ये केंद्राचा हुकूम निघाला आणि तिथले लोक भारताचे नागरिक ठरले. पण जन्माच्या वह्या पोर्तुगीजच राहिल्या. त्यात नाईक शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलेला, कामत कामोतीम झालेला, प्रभू पोरोब झालेला. नातू नाईक लिहितो, आजोबाची नोंद वाचता येत नाही. गोव्यानं त्यासाठी १९९० मध्ये नाव-आडनाव बदलाचा स्वतंत्र कायदाच केला. आमच्या एका मावशीचे सासरे हसून म्हणायचे, आमच्या घरात तीन पिढ्यांची तीन आडनावं आहेत, पण कुळदेवी एकच.

आणि परदेशातली मुलं. इथं बसलेल्या किती घरांतली मुलं अमेरिकेत, कॅनडात नागरिक झाली आहेत! आजोबांना नागरिक होताना कुणी नाव विचारलं नाही, नातवाला विचारतात. ज्यांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांच्या अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफ.एन.यू. छापून येतं. त्याचा अर्थ, पहिलं नाव माहीत नाही. बारशाला शंभर माणसं जेवली आणि नाव माहीत नाही! तिकडं नागरिकत्व घेताना नाव बदलूनही मागता येतं. मुलं सोय म्हणून वडिलांचं नाव गाळतात, नाव आखूड करतात. त्यांचं तिथं अडत नाही. अडतं ते इकडं, वीस वर्षांनी. घराची वाटणी निघते, बहिणीची सही पाहिजे असते, उताऱ्यावरची वारस वेगळ्या नावाची आणि सही करणारी वेगळ्या नावाची. तेव्हा मुलांना एवढंच सांगा, नाव बदलायचं तर खुशाल बदल, पण बदलल्याचा कोर्टाचा किंवा सरकारचा कागद आणि जुन्या भारतीय पासपोर्टाची प्रत आई-बापाकडे पाठवून ठेव.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगावी की नाही यावर रात्री घरात चर्चा झाली.

आईच्या आधीची गोष्ट. आमच्या टेबलावर एक म्हातारे विणकर आले होते. एका कागदावर यल्लाप्पा, दुसऱ्यावर यल्लप्पा. एक काना. आम्ही परत पाठवलं. ते दुरुस्ती करून आले तर तारीख वेगळी पडली, पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा साहेब रजेवर होते. चौथ्यांदा ते आले नाहीत. नियमात बसत नव्हतं, असं आम्ही तेव्हा सांगत होतो. आईचे कागद परत यायला लागले तेव्हा एका रात्री नियमाचं पुस्तक काढून बघितलं. एका कान्यासाठी परत पाठवा, असं त्यात कुठंही नव्हतं. संशय आला तर चौकशी करा, एवढंच होतं. चौकशी म्हणजे त्यांना खुर्चीवर बसवून चार प्रश्न विचारायचे. ते वडगावात कुठंतरी राहतात एवढंच आठवतं. आज इथं कुणी त्यांना ओळखत असेल, तर त्यांना आमच्याकडं घेऊन या. आम्हीच त्यांच्या घरी येतो, पत्ता द्या.

मंडळानं एक सोय केली आहे. उद्यापासून विसर्जनाच्या आदल्या दिवसापर्यंत, संध्याकाळच्या आरतीनंतर नऊ वाजेपर्यंत, आम्ही दोघे भाऊ मांडवाच्या मागच्या खोलीत बसू. कानडी अर्ज भरून देऊ, कुठला कागद आधी आणि कुठला मागून ते सांगू. पैसे काही नाहीत. मूळ कागद आणू नका, पावसाचे दिवस आहेत, झेरॉक्स आणा. बायकांनी माहेरचा शाळेचा दाखला शोधून ठेवा, नसेल तर शाळेचं नाव आणि साल तरी आठवून या. लग्नपत्रिका असेल तर तीही. आणि चष्मा विसरू नका, सही करण्याआधी आम्ही तुमच्याकडूनच वाचून घेणार आहोत.